एर्गोथायोनीन

हिस्टिडिन या ॲमिनो अम्लापासून तयार होणारे, गंधकयुक्त नैसर्गिक ॲमिनो अम्ल. रेणुभार सुमारे २२९. प्रथिनांच्या घडणीत ते भाग घेत नाही. त्वचेसाठीच्या सीरम व क्रीममध्ये ते प्रतिऑक्सिडीकारक (ऑक्सिडीभवनाने होणारी हानी रोखणारा पदार्थ) म्हणून घालतात.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल तांरे यांनी १९०९ मध्ये ते अरगट या कवकातून वेगळे केले. बार्जर व युइन्स यांनी १९११ च्या सुमारास त्याची संरचना ठरविली. १९२० च्या दशकात ते रक्ताच्या तांबड्या पेशींतही सापडले आणि प्राण्यांचे शरीर ते स्वतः बनविते की काय, हा वाद बराच काळ चालला. शरीर ते बनवीत नाही, हे आता सर्वमान्य आहे. कवके व काही जीवाणूच ते तयार करतात. माणसाला ते अन्नातून, मुख्यतः अळिंबीतून मिळते. तरीही पेशींत ते ओढून घेणारे खास वाहक प्रथिन माणसात आहे. कोलोन येथील ग्रुंडेमान व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ते ओळखले. बाह्यत्वचेतील केराटिनोसाइट पेशींतही हे वाहक आढळते. म्हणूनच त्वचेच्या दृष्टीने या अम्लाला महत्त्व आले.

त्याचे खरे वैशिष्ट्य गंधकाच्या बंधात आहे. शरीरातील आम्लतेला ते थायॉलपेक्षा (गंधकाला हायड्रोजन जोडलेले रूप) थायोन (गंधक कार्बनाला दुहेरी बंधाने जोडलेले) रूपात अधिक असते. ग्लुटाथायोन हे शरीरातील दुसरे गंधकयुक्त प्रतिऑक्सिडीकारक हवेत सहज ऑक्सिडित होते; या रूपामुळे हे अम्ल तसे होत नाही. हायड्रॉक्सिल मूलक, एकक ऑक्सिजन (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) व हायपोक्लोरस अम्ल या पेशींना हानी करणाऱ्या पदार्थांना ते निष्प्रभ करते. तांब्याच्या आयनांशी बांधले जाऊन त्यांच्यामुळे होणारी हानीही ते रोखते.

शरीरातील त्याच्या नेमक्या कार्याबद्दल एकमत नाही. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी २०१८ मध्ये त्याला ‘दीर्घायुष्य जीवनसत्त्वां’त गणले. परंतु हे वाहक नसलेले उंदीर जगतात व प्रजननही करतात. शिवाय अभावजन्य असा निश्चित रोग माणसात आढळलेला नाही. तेव्हा जीवनसत्त्व म्हणण्यापेक्षा पेशींवरील ऑक्सिडीकारक ताण वाढल्यावर उपयोगी पडणारा संरक्षक मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्वचेसंबंधीचा पुरावा बहुतांशी पेशीसंवर्धनातील आहे. माणसांवरील चाचण्या तुलनेने थोड्या आहेत. हे अम्ल जंबुपार किरण मुख्यतः २५८ नॅनोमीटरच्या आसपास शोषते. जमिनीपर्यंत पोहोचणारे जंबुपार किरण याहून लांब तरंगलांबीचे असल्याने सनस्क्रीनऐवजी ते वापरता येत नाही. ते पाण्यात विरघळते. व्यापारी उत्पादन किण्वनाने वा रासायनिक संश्लेषणाने होते.