नव्वदच्या दशकातले रॉक अल्बम एवढे लांब आणि एवढे कर्कश का?

नव्वदच्या दशकातल्या आवडत्या अल्बमांची यादी लांबूनही ओळखू येते. सत्तर-सत्तर मिनिटांचे अल्बम, शेवटच्या गाण्यानंतर बराच वेळ शांतता आणि मग अचानक आणखी एक गाणं, आणि दशक संपता संपता कान किटावेत असा आवाज. यातलं बरंचसं कलावंतांना सुचलं म्हणून झालेलं नाही. 12 सेंटिमीटर व्यासाच्या एका चकतीमुळे, म्हणजे सीडीमुळे झालं.

सीडीच्या आधी अल्बम एलपीवर, म्हणजे सुईने वाजणाऱ्या मोठ्या तबकडीवर यायचे. एलपीच्या एका बाजूवर साधारण 22 मिनिटं मावतात. त्याहून जास्त भरायचं तर खाचा दाटीने कोराव्या लागतात, मग खर्ज आणि एकूण आवाज दोन्ही उतरवावे लागतात. नाहीतर शेजारच्या खाचा एकमेकींत घुसतात आणि सुई उडी मारते. तबकडीच्या मध्याकडे जाताना सुईखालून खाच सरकण्याचा वेगही घटतो, तिथे झांजा आणि ‘स’कार फाटतात. म्हणून बाजू संपवायला शक्यतो शांत गाणं घ्यायचे. सत्तरच्या दशकातल्या चाळीस मिनिटांच्या बांधेसूद अल्बमांचं आपण कौतुक करतो, त्यात शिस्तीइतकाच नाइलाजही होता.

फिलिप्स आणि सोनी यांची सीडी 1982 मध्ये बाजारात आली. मूळ मोजमाप 74 मिनिटांचं, पुढे त्याहून थोडं जास्तही भरता येऊ लागलं. ऐंशीच्या दशकात तोच अल्बम एलपीवरही विकायचा असे, त्यामुळे लांबीला लगाम राहिला. नव्वद उजाडताना पाश्चात्त्य बाजारातून एलपी मागे पडली आणि लगाम सुटला. 1991 सालीच पाहा: मायकेल जॅक्सनचा ‘डेंजरस’ 77 मिनिटांचा, रेड हॉट चिली पेपर्सचा ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ जवळपास 74 मिनिटांचा. गन्स एन रोझेसचा ऐवज तर एका सीडीत मावेना, म्हणून 17 सप्टेंबरला ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन भाग एकाच दिवशी वेगवेगळे विकायला ठेवले. दोन्हींतून निवडक गाणी काढली तर एक अव्वल अल्बम होतो. बाकीचा भराव आहे.

आपल्याकडे तेव्हा राज्य कॅसेटचं होतं. असला अल्बम सी-60, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतला की प्रत्येक बाजूला 30 मिनिटं, म्हणजे शेवटची गाणी गायब. सी-90 मध्ये सगळं मावायचं, पण तिची टेप पातळ, त्यामुळे ताणली जाण्याची आणि डेकमध्ये गुंतण्याची भीती जास्त.

यादीत कोण शिरलं, यामागेही एक तांत्रिक बदल आहे. अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या नियतकालिकाची अल्बमांची क्रमवारी पूर्वी दुकानदारांना विचारून बनायची, आणि दुकानदार अंदाजाने किंवा मर्जीने सांगायचे. मे 1991 पासून ‘साउंडस्कॅन’मुळे दुकानात बारकोडवर झालेली प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ 24 सप्टेंबर 1991 ला आला, ‘ब्लड शुगर’च्याच दिवशी. अमेरिकेत सुरुवातीला जेमतेम 46 हजार प्रती दुकानांत पाठवल्या होत्या आणि क्रमवारीत तो 144 व्या जागी शिरला. 11 जानेवारी 1992 च्या यादीत त्याने ‘डेंजरस’ला खाली ढकलून पहिली जागा घेतली.

लपवलेल्या गाण्यांची टूम याच अल्बमने पसरवली. बाराव्या गाण्यानंतर सुमारे दहा मिनिटं काहीच नाही, मग ‘एंडलेस, नेमलेस’चा गोंधळ. मास्टरिंगच्या, म्हणजे छपाईआधी अल्बमाला अंतिम रूप देण्याच्या वेळी ते चुकून वगळलं गेलं, त्यामुळे पहिल्या सुमारे 20 हजार प्रतींत ते नाही. जुनी सीडी घेताना प्लेअरवर बाराव्या ट्रॅकची लांबी पाहावी: वीस मिनिटांच्या वर असेल तर गाणं आहे, चारच्या आत असेल तर नाही.

आता आवाजाचं. डिजिटल ध्वनीला वरचं छत असतं, शून्य डेसिबल. त्यापलीकडे लहरीचा माथा छाटला जातो. मग मोठा आवाज आणायचा कसा? लिमिटरने, म्हणजे आवाजाला ठरावीक पातळीवर जाऊ न देणाऱ्या साधनाने, ड्रमचे उंच ठोके दाबायचे आणि उरलेलं सगळं वर उचलायचं. 1994 मध्ये वेव्ह्ज कंपनीचा ‘एल1’ हा लिमिटर आला. तो ठोका येण्याआधीच ओळखून दाबतो, त्यामुळे हे काम फार सोपं झालं. अनेक सीड्या घेणाऱ्या चेंजरमध्ये हळू आवाजाची सीडी पुचाट वाटायची, म्हणून प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठं व्हायचं होतं. ओएसिसचा 1995 चा ‘मॉर्निंग ग्लोरी’ या शर्यतीतला ठळक टप्पा. चिली पेपर्सच्या 1999 च्या ‘कॅलिफोर्निकेशन’मध्ये तर ठोके चक्क फाटलेले ऐकू येतात, गाणी उत्तम, सीडी त्रासदायक. उलट माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ (1991) गिटारींच्या भिंतीसाठी प्रसिद्ध, पण त्याची मूळ सीडी कमी पातळीवर आहे. प्लेअरचा आवाज वाढवला की थर सुटे होतात.

त्यामुळे या दशकाची यादी करताना अल्बमाबरोबर आवृत्तीही लिहावी. ‘नेव्हरमाइंड’ची 1991 ची सीडी आणि 2011 चं रीमास्टर (नव्याने मास्टरिंग केलेली आवृत्ती) यांत दुसरं ठळकपणे मोठ्या आवाजाचं आहे. फाइल ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की फरक डोळ्यांनाही दिसतो: एकीत ठोक्यांचे सुळके वर आलेले, दुसरीत माथे सपाट, विटेसारखा ठोकळा. कानांनी तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज समान करावा. हे केलं नाही तर मोठ्या आवाजाची आवृत्तीच चांगली वाटते, अनुभवी कानांनासुद्धा. स्ट्रीमिंग सेवा सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करतात तेव्हा दाबलेला अल्बम खाली आणला जातो. मोठेपणा जातो, सपाटपणा उरतो. छाटलेले माथे मात्र आवाज कमी केल्याने परत येत नाहीत.