रॅम ८ जीबी, फाइल ४० जीबी

भलीमोठी लॉग फाइल (प्रोग्रामने केलेल्या नोंदींची फाइल) साध्या एडिटरवर डबल क्लिक करून उघडायचा प्रकार प्रत्येकाने एकदा तरी केलाय, मग माऊस हलत नाही, पंखा भणभणतो आणि शेवटी पॉवर बटण दाबून धरावं लागतं. होतं काय, तर बरेच एडिटर आख्खी फाइल रॅममध्ये ओढायला बघतात, रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टीम त्यातली पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे, बहुतेक वेळा ४ केबीचं एक पान) डिस्कवर टाकते, लगेच तीच परत लागतात म्हणून पुन्हा आणते, आणि मशीनचा सगळा वेळ या हमालीतच जातो.

तीच फाइल लिनक्सवर 'लेस' या फाइल बघायच्या प्रोग्रामने उघडा, झटक्यात उघडते, कारण तो स्क्रीनवर दिसेल तेवढंच वाचतो. मात्र शेवटच्या ओळीचा नंबर विचारलात की अडकतो, कारण कुठली ओळ कुठे सुरू होते हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, पहिल्यापासून मोजत यावं लागतं.

आपल्या प्रोग्राममध्येही हेच करायचं, ६४ केबीचा तुकडा वाचा, काम उरका, त्याच जागेत पुढचा घ्या. फाइल कितीही वाढली तरी मेमरी तेवढीच लागते. गोची होते ती तुकड्याच्या काठावर. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) देवनागरी 'क' ३ बाइटचा, आणि ६४ केबी म्हणजे ६५,५३६ बाइट, त्याला ३ ने भागलं तर १ उरतो! म्हणजे एखादं अक्षर मधोमध कापलं जाणार आणि आउटपुटमध्ये काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह येणार. इंग्रजी मजकुरावर टेस्ट केली तर हा बग दिसतच नाही, कारण तिथे १ अक्षर १ बाइट. उपाय सोपाय, उरलेले बाइट पुढच्या तुकड्याला जोडायचे.

सॉर्टिंगला (ओळी क्रमाने लावायला) मात्र सगळी फाइल समोर हवी असं वाटतं ना? नको. २ जीबीचे २० तुकडे करा, एकेक सॉर्ट करून डिस्कवर ठेवा, मग वीसही तुकड्यांची फक्त वरची ओळ हातात धरा, सगळ्यात लहान असेल ती लिहा, जिथून उचलली तिथलीच पुढची घ्या. टेपच्या जमान्यातली युक्ती आहे ही, लिनक्सचा 'सॉर्ट' आजही असंच करतो. फक्त टेंप फोल्डरमध्ये (हे तुकडे तात्पुरते ठेवले जातात तिथे) जवळपास फाइलएवढी जागा रिकामी आहे ना ते आधी बघा, माझा रात्रभर चाललेला सॉर्ट पहाटे तिथेच आडवा झालाय.