कुष्ठरोग आणि दिसण्यावरून होणारी पारख

कुष्ठरोग म्हणजे जुनी माणसं ज्याला महारोग किंवा रक्तपिती म्हणायची तो आजार. यात पेशंटला लोक रिपोर्टवरून ओळखत नाहीत, बोटं, नाक, भुवया बघून ओळखतात आणि तिथंच सगळा घोळ होतो. नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ ला याचा जंतू शोधला, तो फार सावकाश वाढतो, नसा धरतो, मग हातपाय बधिर होतात. बोटं झडतात असं अजूनही सांगितलं जातं पण तसं नाहीये, तव्याचा चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळत राहते, हाड झिजतं आणि बोट आखूड होत जातं.

आता उलटा प्रकार बघा. ज्याच्या अंगात जंतू भरपूर आहेत त्याची कातडी कधीकधी तेलकट, तुकतुकीत दिसते, कानाच्या पाळ्या जाड होतात, दुखत काहीच नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आणि ज्याची बोटं वाकलीत तो बऱ्याचदा औषधं संपवून कधीच बरा झालेला असतो, तरी टपरीवर त्याचा कप वेगळा ठेवतात, सुट्टे पैसे हातात न देता फळीवर सरकवतात. हे बघून खरंच जीव तुटतो.

कोड तर कुष्ठरोगच नाही, संसर्ग होत नाही, डाग पांढराफेक असतो आणि तिथं स्पर्श नीट कळतो, पण श्वेतकुष्ठ या नावामुळे कितीतरी मुलींची लग्नं अडली.

१९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले एमडीटी, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायचे उपचार आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट, ६ किंवा १२ महिने. त्यातल्या क्लोफाझिमिनने चेहरा काळवंडतो, गोळ्या संपल्या की तो काळेपणा हळूहळू जातो, पण तोवर शेजारी विचारायला लागतात म्हणून काहीजण गोळ्याच सोडतात.

बाबा आमट्यांनी १९४९ ला वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, कारण बरं होऊनही घर उघडत नव्हतं. कुष्ठरोगावरून घटस्फोट मागायची कायद्यातली सोय २०१९ ला गेली. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड हे सर्जन ऑपरेशन करून वाकलेली बोटं सरळ करायचे, पण भुवया गेलेला चेहरा गाव लगेच ओळखायचं, म्हणून तिथं डोक्याची केसाळ कातडी लावून भुवया करत. ते केस वाढतच राहतात, अधूनमधून कात्रीने कापावे लागतात.