एका ड्रम किटला दोन हाय-हॅट पेडलं : विकत घ्यायच्या आधी हे वाचा

इलेक्ट्रॉनिक ड्रम घेऊन काही महिने झाले की बरेच ग्राहक दुकानात येऊन विचारतात, अजून एक हाय-हॅट पेडल लावता येईल का. येतं की. पण आम्ही आधी विचारतो, कशाला पाहिजे? कारण लोकांच्या गरजा वेगवेगळ्या असतात, प्रत्येकीची जोडणी वेगळी, आणि काही गरजांना तर पेडल लागतच नाही, उगाच पैसे घालू नका.

आधी पेडल करतं काय ते. भजनात टाळ दाबून धरले की चट् वाजतात आणि सैल सोडले की झण्ण करून लांबतात, हाय-हॅटचंही, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजांचं, तेच, फक्त दाबायचं काम डाव्या पायाचं. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये पॅडकडून काठी कुठे आणि किती जोरात लागली एवढंच कळतं, आवाज बंद हॅटचा द्यायचा की उघडीचा हे मॉड्यूल, म्हणजे किटचा आवाज काढणारा डबा, पेडलवरून ठरवतं. बऱ्याच पेडलांत रेझिस्टन्स बदलणारी पट्टी असते, पाय दाबला की ओहम बदलतात. आणि मॉड्यूलला हाय-हॅट कंट्रोलचा जॅक साधारण एकच असतो, म्हणजे पेडलं दोन लावली तरी मॉड्यूलच्या दृष्टीने हाय-हॅट एकच.

घरात एक उजवा आणि एक डावखुरा असेल, डिचोलीच्या एका घरात बाप-लेक असेच एका किटवर वाजवतात, तर दोन बाजूंना दोन पेडलं ठेवून वाय केबलने, म्हणजे दोन तोंडं एकात जोडणाऱ्या केबलने, एकाच जॅकमध्ये घालता येतात. पण त्याआधी मल्टिमीटर लावाच. पेडलला केबल लावायची, केबलच्या मोकळ्या पिनचं टोक आणि तिचं बूड यांना मीटरच्या दोन सळ्या, आणि पेडल हाताने हळूहळू खाली न्यायचं. आकडा कमी कमी होत गेला तर वाय केबल चालेल, जे पेडल जास्त दाबाल त्याचं मॉड्यूल ऐकेल. आकडा वाढत गेला तर वाय केबल चालणार नाही, दोन्ही एकामागे एक जोडावी लागतात, ते सोल्डरिंगचं काम आहे. आणि पेडलला तीन वायरी असून तिन्ही वापरात असतील तर वाय केबलच्या नादाला लागू नका, तिथे दोघांतलं एक निवडणारा स्विच बॉक्स घ्या. दोन्ही पेडलं एकाच मॉडेलची घ्या, कंपन्यांचे ओहम जुळत नाहीत. स्टिरिओ (तीन भागांच्या) पिनच्या पेडलला मोनो (दोन भागांच्या पिनची) केबल लावू नका, आतली एक वायर सरळ ग्राउंडला शॉर्ट होते.

एक गोष्ट सगळे विसरतात. दोन रेझिस्टन्स समांतर जोडले की एकूण कमी होतो, समजा पाय न ठेवता प्रत्येक पेडल ५० के (किलो-ओहम) दाखवतंय तर दोन मिळून २५ के, मग कोणाचा पाय नसतानाही मॉड्यूलला हॅट थोडी दाबल्यासारखी वाटते आणि उघडा आवाज पूर्ण मोकळा येत नाही. म्हणून दोन्ही पेडलं लावल्यावरच कॅलिब्रेट करा, म्हणजे उघडं कुठे आणि बंद कुठे ते मॉड्यूलला शिकवा, आणि मॉड्यूल चालू होताना पेडलांवर पाय ठेवू नका.

दुसरी गरज डबल बासवाल्यांची, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवणाऱ्यांची. डावा पाय हाय-हॅटवरून उचलून दुसऱ्या बास पेडलवर नेला की हॅट उघडते आणि सगळा ग्रूव्ह झणझणाटात जातो. इथे दुसरं हाय-हॅट पेडल काही उपयोगाचं नाही, त्याच्यावर ठेवायला पाय आणणार कुठून? एकदा दाबलं की दाबलेलंच राहणारा साधा फूटस्विच वाय केबलच्या दुसऱ्या टोकाला लावा, दाबलात की हॅट बंद, परत दाबलात की हॅट मोकळी. हे ओहम कमी होणाऱ्या पेडलांनाच चालतं, खर्च पेडलच्या मानाने किरकोळ, आणि आमच्या मते हाच उत्तम उपाय.

उजव्या बाजूला कायम बंद अशी दुसरी हॅट हवी असेल तर पेडल नकोच, रिकाम्या इनपुटला एक सिंबल पॅड लावा आणि त्याला बंद हॅटचा आवाज द्या, मिडीच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या भाषेच्या) जनरल नकाशात तो ४२ नंबर, उघडीचा ४६, पायाने वाजते ती ४४. दोन्ही हॅट खरोखर वेगवेगळ्या उघडायच्या असतील तर दुसरं मॉड्यूल आणि लॅपटॉप लागतो, दोघांना मिडी चॅनल वेगळा द्या, नाहीतर दोन्ही पेडलांची हालचाल, जी बहुतेक सीसी ४ या मिडी कंट्रोल नंबरवर जाते, एकमेकांत मिसळते.

आता आपल्या हवेचं. समुद्राकाठी आणि पावसात जॅकच्या आत हिरवट थर धरतो, मग हॅट मधेच उघडते मधेच बंद, लोकांना वाटतं पेडल गेलं. पिन काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, चार-पाच वेळा घाला-काढा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. गंज काढायचं तेल मात्र मारू नका, पट्टी खराब होते. दोन पेडलं म्हणजे जॅक जास्त, तेवढी काळजीही जास्त.

गेल्या पावसाळ्यात एक ग्राहक हॅट उघडतच नाही म्हणून घाबरून फोनवर, आम्ही घरी गेलो तर दुसऱ्या पेडलवर केबलची पिशवी ठेवलेली. न वापरायचं पेडल मोकळं ठेवा, सतरंजीवर, त्याच्यावर काही ठेवू नका.

घरी जमत नसेल तर दोन्ही पेडलं आणि मॉड्यूल दुकानात घेऊन या, मीटर लावून तुमच्या समोर सांगतो कुठली केबल पाहिजे. येताना मॉड्यूलचा अडॅप्टर विसरू नका, प्रत्येकाचे व्होल्ट वेगळे, दुकानातला लावून आम्ही धोका घेणार नाही.