एका वेळी एकच चल: नियम आला कुठून?

स्वतंत्र चल (आपण मुद्दाम बदलतो ती गोष्ट) एकच बदलायचे, बाकी सगळे स्थिर ठेवायचे आणि अवलंबी चल (त्यामुळे जे बदलते ते) मोजायचे. प्रयोगवहीतल्या या शिस्तीला तर्कशास्त्राची भक्कम मांडणी मिळाली ती १८४३ सालच्या एका इंग्रजी ग्रंथात. त्याच वर्षी लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड इथे गव्हाच्या शेतात खतांचा प्रयोग सुरू झाला. शेताचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळे खत, पीक मात्र सगळीकडे गहूच. तो प्रयोग आजही चालू आहे.

पण ‘बाकी सगळे स्थिर’ ही अट शेतात टिकत नाही. जमिनीचा कस पावला-पावलावर बदलतो आणि पाऊस कुणाचे ऐकत नाही. १९१९ मध्ये तिथल्या साठलेल्या नोंदी तपासायला एक तरुण संख्याशास्त्रज्ञ आला. जे स्थिर ठेवता येत नाही ते निदान पक्षपात न होता विभागले जावे, म्हणून कोणत्या वाफ्याला कोणते खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असे त्याचे म्हणणे होते. त्यावरही बरीच वर्षे भांडणे झाली.

खरी ठिणगी पडली त्याच्याच १९२६ च्या एका लेखाने. निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा, ही समजूतच त्यात चुकीची ठरवली होती. हिशेब साधा आहे. आठ वाफे आहेत आणि नत्र, स्फुरद, पालाश यांचा परिणाम पाहायचा आहे. जुन्या पद्धतीत दोन वाफे बिनखताचे आणि प्रत्येक खताला दोन-दोन; म्हणजे नत्राचा निकाल दोन विरुद्ध दोन वाफ्यांवर लागतो. तिन्ही खते ‘आहे-नाही’ अशा आठही जोडण्यांत दिली, तर त्याच आठ वाफ्यांत नत्राची तुलना चार विरुद्ध चार होते. स्फुरद आणि पालाशाचीही तशीच. शिवाय स्फुरद असताना नत्र जास्त लागू पडते का, हे कळते. एकेक चल बदलणाऱ्याला हा प्रश्न विचारताच येत नाही.

आक्षेप घेणारे काही अडाणी नव्हते. घटक वाढले की जोडण्या दुपटीने वाढतात: पाच घटकांना ३२ वाफे. आणि नत्राचा परिणाम स्फुरदावर अवलंबून असेल, तर सरासरी परिणाम सांगून शेतकऱ्याने करायचे काय? १९३५ मध्ये लंडनच्या एका सभेत यावर चांगलीच खडाजंगी झाली. तरी माझ्या मते जुन्या पद्धतीची बाजू तिथेच लंगडी पडली होती: जोडपरिणाम (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणे) त्रासदायक आहे म्हणून तो न मोजणे, हे काही उत्तर नव्हे.

१९५१ नंतर रासायनिक कारखान्यांतही तापमान, दाब, वेळ एकत्र बदलून पाहण्याची पद्धत रुजली. आता संकेतस्थळांच्या चाचण्यांतही मथळा, रंग, किंमत एकाच वेळी बदलतात. आपल्या कृषी महाविद्यालयांतही फॅक्टोरियल रचना (घटकांच्या सगळ्या जोडण्या तपासणारी हीच पद्धत) शिकवतात; शाळेत मात्र दोन स्वतंत्र चले बदलली की प्रयोग चूक ठरतो.