झिजलेल्या कूर्चेतले कोलॅजन: पार्श्वभूमी

सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण, एकदा नष्ट झाली की पुन्हा येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटरने १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. ती का येत नाही, हे उलगडायला मात्र अडीच शतकांहून अधिक काळ गेला.

कूर्चेत कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात. त्यांची ठेवण १९२५ मध्ये शरीररचनातज्ज्ञ बेनिंगहॉफने दाखवली. खोल थरात हाडावरून उभे निघणारे तंतू पृष्ठभागापाशी कमानीसारखे वळून आडवे होतात. हे कोलॅजन त्वचेतल्या वा हाडातल्या कोलॅजनपेक्षा निराळे असल्याचे कळले ते १९६९ मध्ये, कोंबडीच्या पिलांच्या कूर्चेवरून. आज आपण त्याला टाइप टू म्हणतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (सांधे झिजण्याच्या आजारात) कूर्चेतल्या पेशी त्याऐवजी त्वचा-हाडांतले टाइप वन बनवू लागतात, असा दावा १९७३ मध्ये झाला आणि बराच गाजला. पुढच्या अभ्यासांत मात्र त्या कूर्चेतही मुख्यत्वे टाइप टूच आढळले.

‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात आजाराच्या सुरुवातीला कूर्चेतले पाणी वाढते! तिच्यातले प्रोटिओग्लायकन (प्रथिन आणि शर्करा-साखळ्यांचे मोठे रेणू) पाणी ओढून घेतात आणि कोलॅजनचे जाळे त्या फुगण्याला आवर घालते. अ‍ॅलिस मारूदास यांनी १९७६ मध्ये हा तोल मोजून दाखवला. जाळे सैल पडले की कूर्चा फुगते, मऊ होते आणि भार पेलेनाशी होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा टप्पा.

जाळे तोडते कोण? कोलॅजनचा तिपेडी पीळ साध्या एन्झाइमांना दाद देत नाही. तो कापणारे कोलॅजनेज १९६२ मध्ये बेडकाच्या पिलांच्या झडणाऱ्या शेपटीत सापडले. त्याच कुळातले एमएमपी-१३ हे एन्झाइम १९९०च्या दशकात माणसाच्या झिजलेल्या कूर्चेत मिळाले. ते पीळ एका ठरावीक जागी कापते. तो उलगडला की उरलेले काम इतर एन्झाइमे करतात.

भरपाई का होत नाही, याचे उत्तर २०१६ मध्ये अनपेक्षित वाटेने आले. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४चा (कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचा) कूर्चेत माग काढल्यावर दिसले, की गुडघ्यातले कोलॅजन वाढीच्या वयातच घडते आणि नंतर जवळपास बदलत नाही, आजारी सांध्यातही नाही.

मग कापणारी एन्झाइमेच रोखावीत, हा विचार ओघानेच येतो. तशी औषधे तयारही झाली. पण चाचण्यांमध्ये ती घेणाऱ्या काहींचे स्नायू आणि सांधेच दुखू लागले.