निवेदक-निर्माता (खान्देशातील दूरचित्रवाणी)

निवेदक-निर्माता : कार्यक्रमाची आखणी, चित्रण, संकलन आणि खर्च यांची जबाबदारी घेऊन स्वतःच पडद्यावर निवेदन करणारी व्यक्ती. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत हा व्यवसाय स्थानिक केबल वाहिन्यांच्या आश्रयाने सु. १९९० नंतरच्या दशकात रूढ झाला. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रात (स्थापना २ ऑक्टोबर १९७२) निर्माता व निवेदक ही वेगवेगळी कामे होती. खान्देशात ती प्रथमपासूनच एका माणसाकडे आली.

उगम : याविषयी तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ही परंपरा जळगाव आकाशवाणीतून आली. या केंद्रावर स्वरचाचणी देऊन नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलेल्यांकडे शुद्ध उच्चार, वेळेचे भान आणि कृषी व ग्रामीण कार्यक्रमांतील संवादाची सवय होती, हे खरेच. मात्र आकाशवाणीचा उद्घोषक संहिता वाचतो; यंत्रे व खर्च यांच्याशी त्याचा संबंध येत नाही. दुसरे मत ऑर्केस्ट्रा, गणेशोत्सवातील कार्यक्रम आणि राजकीय सभांच्या सूत्रसंचालनाकडे बोट दाखवते. केबलवरील निवेदनातील शेरोशायरी आणि पाहुण्यांची विशेषणयुक्त ओळख पाहता या मतात तथ्य आहे. पण त्यातून निवेदनाच्या शैलीचा उलगडा होतो, व्यवसायाच्या घडणीचा नाही.

तिसरे मत लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगशी नाते जोडते आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या प्रयोगात (१९७५-७६) सहा राज्यांची निवड झाली. त्यांत शेजारचा मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. पुढे १९८४ पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा विस्तार झाल्यावर तालुक्यांच्या गावी दूरदर्शन दिसू लागले, तरी स्थानिक निर्मितीची सोय नव्हती. कॅमेरा फक्त लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे असे. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंतच्या मुहूर्तांवर त्याचा धंदा चाले. चातुर्मासात कॅमेरा, दिवे आणि मिक्सिंगचे यंत्र पडून राही. नेमक्या याच काळात कानबाई (खान्देशातील देवीचा उत्सव), पोळा, गणपती आणि नवरात्र येतात. त्यांचे चित्रण केबलवाल्याच्या रिकाम्या व्हिडिओ चॅनेलवर दाखवायचे, दुकानदारांकडून शुभेच्छांच्या जाहिराती घ्यायच्या आणि मध्ये बोलायला दुसरा माणूस परवडत नाही म्हणून स्वतःच बोलायचे, अशी ही घडण दिसते. ज्याच्या मालकीचा कॅमेरा, त्याच्या हाती माईक, हे सूत्र पुढे दैनिक वार्तापत्र सुरू झाल्यावरही फारसे बदलले नाही. अनेकांनी खासगी मराठी वाहिन्यांसाठी बातमीमागे मानधन घेणारे स्ट्रिंगर म्हणूनही जोडकाम केले.

निर्मितीची पद्धत : अर्ध्या तासाच्या वार्तापत्रात जाहिराती वगळता साधारण २२ ते २४ मिनिटे उरतात. त्यांत आठ ते दहा बातम्या आणि एखादी छोटी मुलाखत बसते. मराठी निवेदनाचा सुखद वेग मिनिटाला सु. १२० शब्द धरला तर दीड मिनिटाच्या बातमीला १८० शब्द पुरतात. बाईट (संबंधित व्यक्तीच्या बोलण्याचा तुकडा) असल्यास मजकूर निम्म्यावर आणावा लागतो. नवखा निवेदक बाईटमधील वाक्य आपल्या निवेदनातही वाचतो आणि प्रेक्षकाला तीच गोष्ट दोनदा ऐकवतो.

टेलिप्रॉम्प्टर (भिंगासमोर सरकता मजकूर दाखवणारे यंत्र) नसल्यास मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून भिंगाच्या लगेच खाली लावतात. बाजूला लावल्यास नजर सरकलेली दिसते. संकलनात पार्श्वभूमी बदलता यावी म्हणून हिरवा पडदा वापरताना निवेदकाने त्यापासून पाच-सहा फूट पुढे बसणे आवश्यक असते, नाहीतर पडद्याचा हिरवा रंग खांद्यांवर आणि केसांच्या कडेला उतरतो व संकलनात ती कड कापली जाते. पडद्यावर वेगळे दिवे, निवेदकावर वेगळे, ही दुसरी अट. सुरकुतीची सावली पडली की पार्श्वभूमीत डाग दिसतो. बंद खोलीत १,००० वॅटचे हॅलोजन, पंख्याचा आवाज नको म्हणून तोही बंद आणि बाहेर जळगाव-भुसावळचा मे महिना, अशा स्थितीत दोन बातम्यांनंतर चेहरा पुसावा लागे. एलईडी दिव्यांनी ही अडचण बरीच कमी केली. शटरचा वेग १/५० सेकंद ठेवणे हा साधा नियम आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने १/६० वर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लुकलुकते.

सु. २००० पर्यंत व्हीएचएस आणि त्यानंतर दहाएक वर्षे मिनी-डीव्ही फिती वापरात होत्या. मिनी-डीव्हीची ६० मिनिटांची फीत संगणकावर घेतल्यास सु. १३ गिगाबाइट जागा व्यापते. फीत वाचवण्यासाठी काही जण मंद गतीने ९० मिनिटे चित्रण करत, पण अशी फीत दुसऱ्या यंत्रावर नीट चालेलच असे नसे. चित्रण मागे फिरवून पाहिले आणि पुढे कोरी जागा सोडून पुन्हा सुरू केले, तर टाइमकोड (फितीवरील वेळेची नोंद) शून्यावर येई व संगणकावर घेताना तिथेच काम अडे. म्हणून प्रत्येक दृश्याच्या आधी व नंतर पाच ते दहा सेकंद जास्त चित्रण करण्याची शिस्त होती. चित्रावर चौकोन उमटले की पहिला संशय हेडवरच्या (फितीवर चित्र नोंदवणाऱ्या व वाचणाऱ्या भागावरच्या) धुळीवर. यात्रेनंतर हेड साफ केलाच पाहिजे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातील धूळ तर यासाठी कुप्रसिद्ध आहे.

प्रसारणातील दोष : ॲनालॉग केबलच्या काळात तयार वार्तापत्र कंट्रोल रूममधील प्लेअरवरून मॉड्युलेटरमार्गे (चित्र व आवाज वाहक लहरींवर चढवणाऱ्या यंत्रातून) तारांत सोडले जाई. शुद्ध पांढऱ्या अक्षरांची पट्टी पडद्यावर आली की आवाजात घरघर येई. प्रेक्षक माईकला दोष देत, निवेदक केबलवाल्याला. प्रत्यक्षात अतिशुभ्र भागामुळे चित्रलहर मर्यादेबाहेर मॉड्युलेट होऊन ध्वनिलहरीत व्यत्यय येत असे. अक्षरे किंचित राखाडी ठेवणे किंवा मॉड्युलेटरची चित्रपातळी कमी करणे, दोन्ही उपाय लागू पडत. पडद्यावर आडवा जाड पट्टा संथपणे वर सरकत असेल, तर अर्थिंग तपासावे लागे.

भाषा : बातम्या प्रमाण मराठीत आणि मुलाखती बोलीत, असा सर्वसाधारण प्रघात आहे. धुळे, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी चालते. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात लेवा बोली, तर सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी व भिली बोली आहेत. एकाच अहिराणीवर तिन्ही जिल्हे काढू पाहणारा निवेदक रावेरला परका ठरतो. संबोधनाचे महत्त्व वेगळेच. ज्येष्ठ शेतकऱ्याला ‘आबा’, ‘नाना’, ‘आप्पा’ म्हणून बोलते केले जाते आणि पुढाऱ्याला त्याच्या रूढ नावापुढे ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ लावल्याशिवाय माईक पुढे करत नाहीत. वार्तांकनातील तटस्थतेला यामुळे बाधा येते, हा आक्षेप रास्त आहे.

मिरवणुकीत बोलताना कॅमेऱ्यावरचा माईक निरुपयोगी ठरतो. बँडच्या आवाजाने स्वयंचलित ध्वनिपातळी खाली जाते आणि बँड थांबताच श्वाससुद्धा ऐकू येतो. पातळी हाताने कमी ठेवून हातातला माईक ओठांपासून चार बोटांवर धरणे, हाच उपाय. कानबाईची स्थापना श्रावणातील नागपंचमीनंतरच्या रविवारी होते आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीच्या जागरणातील गाणी घरात कमी उजेडात टिपावी लागतात. तिथे थेट दिवा मारल्यास आरास फिकी दिसते आणि बायका गाणे आवरते घेतात. दिव्याचा झोत पांढऱ्या छताकडे वळवल्यास दोन्ही टळते.

अर्थकारण व नियमन : उत्पन्नाचा आधार वाढदिवस, श्रद्धांजली, दुकानांची उद्घाटने, शाळाप्रवेश आणि निवडणूक हा आहे. केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम १९९५ नुसार केबलचालकाची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होत असे; जानेवारी २०२५ पासून ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते. कार्यक्रम व जाहिरात संहिता लागू असून तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत. गणपतीच्या दहा दिवसांत ही मर्यादा पाळणारी वाहिनी विरळाच. राजकीय जाहिरातीस जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीचे पूर्वप्रमाणपत्र लागते. नोंदणीकृत पक्षाने व निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा असतो. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर दाखवता येत नाही, हे विसरून शुभेच्छांची जुनी पट्टी चालू राहिल्याने अडचणीत येण्याची शक्यता असते.

केबलच्या डिजिटलीकरणात मोठी शहरे आधी आली. जळगाव, धुळ्यासारख्या उर्वरित नागरी भागासाठी ३१ डिसेंबर २०१५ ही तिसऱ्या टप्प्याची मुदत होती. त्यानंतर स्थानिक वाहिनीला अनेक केबलचालकांना वाहिन्या पुरवणाऱ्या बहुप्रणाली चालकाच्या (एमएसओ) मंचावर जागा मिळवणे भाग पडले. नोव्हेंबर २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा ‘प्लॅटफॉर्म सेवा’ एकूण वाहिनीक्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित असून प्रत्येक वाहिनीस १,००० रुपये नोंदणी शुल्क आहे. स्थानिक बातम्या देणारी संस्था कंपनी असावी आणि प्रसारणाचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपावे, अशाही अटी आहेत. एकट्याने चालवलेल्या वार्तापत्रांना कंपनीची अट सर्वांत जड वाटते.

सद्यःस्थिती : २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाल्यावर अनेक निवेदक-निर्माते यूट्यूबकडे वळले. अहिराणी विनोदी प्रसंग आणि गाणी यांना तिथे बातम्यांपेक्षा मोठा प्रेक्षक आहे. त्यात सुरत-पुण्याकडे कामानिमित्त गेलेले खान्देशी लोकही येतात. विसर्जन मिरवणुकीच्या चित्रणात डीजेवरची गाणी येत असल्याने स्वामित्वहक्काचा दावा लागतो आणि जाहिरातीचे उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे वळते. म्हणून सराईत मंडळी गाण्याचा भाग कापून ढोल-ताशा असलेले तुकडे वापरतात, किंवा मूळ आवाज काढून त्यावर स्वतःचे निवेदन चढवतात.